गावाबाहेरची भेग

"खाली ठेव."

मी दगड हातात धरून पुढे केला होता. त्यांनी पुढे आलेला हात मागे घेतला आणि एवढंच म्हणाले.

पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटात आम्ही उभे होतो. पुण्याच्या कॉलेजची भूशास्त्राची सहल. एकोणीसशे सत्तर नुकतं उलटलेलं. वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि आमच्यातली मी एकटी. आमच्यातली म्हणजे कोणातली, हे वर्गात कोणाला सांगावं लागत नव्हतं. हजेरीत माझं आडनाव आलं की दोन-चार माना वळायच्याच.

दगड ओला केला की त्यातले कण उठून दिसतात. रानात प्यायचं पाणी दगडावर कोण घालवणार? म्हणून भूशास्त्राची माणसं सरळ जीभ लावतात, मग भिंग लावतात. यात कोणाला काही वाटत नाही. आमचे प्राध्यापक नानासाहेब, त्यांनीही तेच केलं. हातोडीने कातळाचा तुकडा पाडला, ताज्या फुटलेल्या बाजूवर जीभ फिरवली, भिंगातून पाहिलं आणि तुकडा शेजारच्या मुलाकडे दिला. त्याने त्याच जागी जीभ लावली. मग पुढच्याने. गुरूच्या तोंडचं आहे म्हणून पोरं प्रसादासारखी चाटत होती. फिरत फिरत दगड माझ्याकडे आला. मी शेवटची. मी नेहमीच शेवटची असायचे.

मीही जीभ लावली. भिंग धरलं. काळ्या दगडात बारीक पोकळ्या होत्या आणि त्यात पांढरे स्फटिक बसलेले. मी ते सांगितलं. नानासाहेब म्हणाले, "बरोबर." मला आनंद झाला. मी दगड परत द्यायला हात पुढे केला.

"खाली ठेव."

ठेवला. त्यांनी खांद्यावरची पाण्याची बाटली काढली आणि त्या तुकड्यावर पाणी ओतलं. तेच पाणी, जे रानात वाया घालवायचं नसतं. मग एका मुलाला म्हणाले, "आता उचल रे. उष्टा झाला होता." पोरं हसली. दगड पुसून पिशवीत गेला, कॉलेजच्या संग्रहालयासाठी.

अख्ख्या वर्गाची थुंकी होती त्या दगडावर. त्यांची सगळ्यांची मिळून शास्त्र झाली. माझी एकटीची उष्टी झाली. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून उकळत वर आलेला दगड, ज्या आगीत काही म्हणून टिकलं नसतं त्या आगीतून निघालेला, तो माझ्या जिभेने बाटला. आणि हे ठरवणारा माणूस त्या दगडाचा राज्यातला मोठा जाणकार.  उरलेल्या घाटात मी कुठल्याच दगडाला हात लावला नाही.

तरी मी शिकले. पहिल्या वर्गात पास झाले, दगडांच्याच विषयात. माझा बाप महाडच्या एसटी डेपोत गाड्या धुवायचा. त्याला माझ्या विषयाचं नाव नीट घेता यायचं नाही. तो लोकांना सांगायचा, "पोरगी जमिनीची डाक्टर हाय." मी महाडला परत आले आणि कॉलेजात भूगोल शिकवायला लागले. आणि नशीब बघा, नानासाहेबही निवृत्त होऊन महाडलाच आले. त्यांचं मूळ घर इथलं. येताना बरोबर आपलं त्रैमासिक घेऊन आले.

हे त्रैमासिक त्यांनीच काढलेलं. दगड, माती, नद्या, भूकंप, असल्या विषयांवर मराठीतून शास्त्रीय लेख छापणारं. नाव संस्कृतात, इतकं जड की छापखानेवालासुद्धा ते पाहूनच जुळवायचा. पण वजन होतं त्याला. पुण्या-नागपूरचे लोक त्यात लिहायचे. सरकारी कचेऱ्यांत अंक जायचा. रस्ता कुठून न्यायचा, बंधारा कुठे घालायचा, असं काही निघालं की साहेब लोक त्यातला लेख फायलीला जोडायचे. त्यात छापलं म्हणजे ते खरं, असं मानायची पद्धत होती.

महाडात भूशास्त्र कळणारी मी एकटी. मग नानासाहेबांना माझी आठवण झाली. म्हणाले, "तुला शिकायला मिळेल." मला शिकायला काय मिळालं ते ऐका. प्रुफं तपासायची. लोकांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढून द्यायचे. पुण्याच्या विद्वानांची मराठी दुरुस्त करायची, कारण विद्वानांना दगड येत होता पण क्रियापद येत नव्हतं. अंक बांधून टपालात टाकायचे. हे सगळं नानासाहेबांच्या ओटीवर बसून. ओटीच्या आत माझं काही काम नसायचं, तेव्हा मी आत गेले नाही. चहा यायचा, कपबशी वेगळी, कोपऱ्यातल्या फळीवर पालथी घातलेली. अंकात सगळ्यांची नावं असायची, कागदवाल्याचे आभारसुद्धा असायचे. माझं नाव कुठे नसायचं. अशी वर्षं गेली.

मग नानासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. संपादकाची खुर्ची रिकामी होणार म्हटल्यावर त्यांच्या लाडक्या शिष्यांना पत्रं गेली. एक तेल शोधणाऱ्या कंपनीत होता, एक अमेरिकेत, एक पुण्यात बंगला बांधत होता. सगळ्यांनी लिहिलं की सरांच्या जागी बसण्याची आपली पात्रता नाही. खरं म्हणजे कोणाला महाडात येऊन प्रुफं वाचायची नव्हती. तो दगड पिशवीत घालणारी हीच ती पोरं. गुरूचं चाटायला सगळे, ओझं उचलायला कोणी नाही.

संपादक मंडळाचा कारभार पाहायचे नानासाहेबांचे पुतणे. महाडच्या कोर्टात वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे. दगडातलं त्यांना काही कळत नव्हतं, माणसांतलं मात्र बरंच कळत होतं. त्या मार्चात चवदार तळ्यावर आमचे लोक जमले, तेव्हा वकीलसाहेब पहिल्यांदाच व्यासपीठावर जाऊन बसले होते. समतेवर बोलले. टाळ्या पडल्या. त्यांना टाळ्या आवडल्या असाव्यात. आठवड्यात निरोप आला.

"बाई, काळ बदललाय," ते म्हणाले. "आम्ही तुम्हाला संपादक करतोय."

तुम्हाला संपादक करतोय. जसं काही मी तोवर भिंतीला टेकून उभी होते आणि त्यांनी मला माणूस केलं.

मी हो म्हणाले. का नको म्हणू? अंक मीच काढत होते. पण मी एक अट घातली. अंकावर नाव माझं, तर छपाईच्या शेवटच्या प्रुफावर सहीही माझीच. माझ्या सहीशिवाय फर्मा, म्हणजे जुळवलेली पानं, मशीनवर चढायचा नाही. वकीलसाहेब हसले. "अहो, सही काय, हवी तेवढी करा." त्यांना वाटलं, बाईला सहीची हौस आहे.

आता त्यांची एक रीत ऐका. नवं वर्ष सुरू झालं की अंकाच्या पहिल्या फर्म्याची पूजा व्हायची. सत्यनारायण. पृथ्वीचं वय सांगणारं, ज्वालामुखी नि भूकंपाची कारणं देणारं हे नियतकालिक, आणि त्याच्या छपाईच्या खिळ्यांना हळद-कुंकू. यजमान म्हणून संपादकाने सपत्नीक बसायचं. माझ्या वेळी वकीलसाहेब आधीच म्हणाले, "पूजेला मी जोडीने बसतो. तुम्हाला कशाला त्रास?" मी बौद्ध. मला बसायचंच नव्हतं. मी नाही म्हणणार होते, कारणही सांगणार होते. पण मला तेवढीही संधी नको, म्हणून त्यांनी विचारायच्या आधीच मला पाटावरून उठवलं होतं.

मग समारंभ. नानासाहेब बोलले. "या मुलीला आम्ही घडवलं." मुलगी! चाळिशीला आले होते मी. केस पांढरे व्हायला लागले होते. पुढे म्हणाले की, हे नियतकालिक आता खऱ्या अर्थाने तळागाळात पोचलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळ आणि मीच गाळ. वकीलसाहेबांनी डोळ्याने खुणावलं की सरांच्या पाया पडा. मी उभी राहिले, नमस्कार केला, दोन हात जोडून, उभ्यानेच. सभागृहात जरा कुजबुज झाली. बस, एवढंच.

पहिला अंक नानासाहेबांचा गौरव अंक काढायचा, असं मंडळाने परस्पर ठरवलेलं. त्यात मुख्य लेख त्यांचाच. तो लेख माझ्या हातात आला आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. नाव नाही सांगत, तशी गावं त्या भागात पुष्कळ आहेत. गाव पलीकडच्या सोंडेवर, सपाटीला. देऊळ, शाळा, विहीर, सगळं तिथे. आणि अलीकडे, उभ्या उताराच्या पायथ्याशी, बौद्धवाडी. जिथे कोणाला घर बांधायचं नव्हतं तिथे आमच्या लोकांना जागा मिळाली, पिढ्यान्‌पिढ्यांची. ते माझं आजोळ. मामा तिथेच राहतो. आदल्या पावसात वाडीच्या वरच्या उताराला एक लांब भेग पडली. जमीन चिरली. लोकांनी तालुक्याच्या कचेरीत सांगितलं, दरड येईल, आम्हाला दुसरी जागा द्या. कचेरीने नानासाहेबांना विनंती केली की आपण पाहून या आणि लिहा. लेख छापून आला की त्यावर निर्णय. पावसाळ्याआधी.

नानासाहेब जीपने गेले. रस्ता संपल्यावर चालत गेले. वाट वाडीतूनच जाते, दुसरी नाहीच. माझ्या मामाने त्यांना वर नेलं. मामा मला मोठ्या कौतुकाने सांगत होता, "तुझं सर आलं व्हतं गो. येवढा मोठा मानूस, पन उन्हातान्हात चढला. पानी इचारला तर बोलले, आताच प्यालो." मामाला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. पण म्हटलं, जाऊ दे, भेग तर पाहिली.

आणि पाहिली होती हो. नीट पाहिली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, मदतनीस घेऊन, पण मापं चोख. लांबी, रुंदी, खोली, उताराचा कोन, वरची लाल माती किती जाड, खालचा कातळ कुठल्या बाजूला कललेला, पाणी कुठून मुरतं. मी कितीतरी लेख तपासलेत, इतका स्वच्छ लेख क्वचित पाहिला. मोठ्या पावसात हा उतार घसरेल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचत गेले आणि मनात त्यांना मानत गेले. मग शेवटचं वाक्य आलं.

"सदर भेग गावाबाहेर असल्याने वस्तीस धोका संभवत नाही."

मी ते पुन्हा वाचलं. वाटलं, जुळवताना एखादी ओळ गळली असेल. हस्तलिखित काढून पाहिलं. तेच होतं. मग नकाशा काढला. गावाला गोल होता. देवळाला त्रिकोण, शाळेला ध्वज, विहिरीलासुद्धा खूण होती. भेग तुटक रेषेने दाखवलेली. आणि भेगेच्या खाली कोरा कागद. माझ्या आजीचं घर, मामाचं घर, ज्या ओट्यावर बसून आम्ही पोरं चिंचा खायचो तो ओटा, सगळं त्या कोऱ्या कागदात.

गावाबाहेर. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. तुम्ही कुठे राहता? गावाबाहेर. प्रेत कुठे जाळायचं? गावाबाहेर. आता भेग कुठे आहे? गावाबाहेर. म्हणजे कोणालाच धोका नाही. मला रडू आलं नाही. राग आला. प्रुफ आणि नकाशा तसाच उचलला.

नानासाहेबांकडे गेले. ओटीवर बसले होते, डोळ्याला ऑपरेशनची हिरवी पट्टी.

"सर, शेवटचं वाक्य."

"काय झालं त्याला?"

"भेगेच्या खाली बौद्धवाडी आहे."

"आहे ना. तिथूनच तर गेलो आम्ही."

"मग वस्तीला धोका नाही, असं कसं?"

"अगं, वाडी गावाबाहेर आहे," ते म्हणाले. "शब्द नेमका वापरावा, हे मीच तुम्हाला शिकवलंय ना?"

रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. शिवी दिली असती तर मी शिवी परत केली असती. पण ते मला समजावून सांगत होते. शांतपणे, लहान मुलीला सांगावं तसं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तिथली माणसं त्यांनी पाहिली होती, त्यांच्या अंगणातून गेले होते, त्यांच्यातल्या एकाच्या मागोमाग उतार चढले होते. आणि तरी ती वस्ती नव्हती. हातभर रुंदीची चीर त्यांना दिसत होती आणि एक वाडी दिसत नव्हती. मोतीबिंदूचं नाव सांगू नका. मोतीबिंदू डोळ्यात होतो.

"सर, वस्ती म्हणजे काय?" मी विचारलं.

त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "तुझं आजोळ आहे तिकडे, कळलं मला. तू यात भावना आणतेस. भूशास्त्रात भावना नसते."

भावना नसते म्हणे. घाटात दगडावर पाणी ओतलं होतं, ते कुठलं शास्त्र होतं? कुठल्या पुस्तकात आहे? हे मी त्यांना विचारलं. शब्दाला शब्द असंच विचारलं. ते म्हणाले, "मला नाही आठवत असं काही." आणि तेही खरं असणार. त्यांनी कशाला आठवायचं? आठवायचं काम आमच्याकडे असतं. मी कागद उचलले आणि उठले. चहा आला होता, तो तसाच राहिला.

संध्याकाळी मंडळाची बैठक बोलावली. वकीलसाहेब वैतागलेले.

"एका शब्दासाठी गौरव अंक अडवायचा?"

"शब्द बदला. नकाशात वाडी दाखवा. मग उद्या छापते."

"सरांच्या लेखात आपण हात घालायचा? शक्य नाही. असं करू, आता छापून टाका. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ. छोटंसं."

"पुढचा अंक पावसाळ्यानंतर निघतो."

"मग?"

हे "मग" मी कधी विसरणार नाही. सगळं त्यात होतं. पावसाळ्यानंतर शुद्धिपत्र. वाडी वरून खाली आली असेल, माणसं चिखलातून उकरून काढली असतील, आणि आमच्या शास्त्रीय नियतकालिकात बारीक टाइपात ओळ येईल की अमुक पानावर 'धोका संभवत नाही' याऐवजी 'धोका संभवतो' असे वाचावे. वाचावे! कोणी वाचावे?

बाकीचे सभासद खाली बघत होते. चांगली शिकलेली माणसं. एकाने घड्याळात पाहिलं. एकजण म्हणाला, दोन्ही बाजूंना थोडंफार तथ्य आहे. असली माणसं मला सगळ्यात किळसवाणी वाटतात. वाईट माणसाला निदान तोंड असतं.

"आणि बाई," वकीलसाहेब शेवटी म्हणाले, "तुम्हाला या खुर्चीत कोणी बसवलं, ते विसरू नका. बसवता येतं तसं उठवताही येतं."

घरी आले. आईला सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. तिचा भाऊ त्या वाडीत, तरी ती म्हणाली, "छाप गो तू. येवढ्या वर्सांनी खुर्ची मिळाली हाय. कशाला घालवतेस? भावाला मी पावसाचा हिकडं घेऊन येते."

"आणि मामी, पोरं?"

"त्यांनापन आनू."

"आणि शेजारची काशीमावशी?"

"तिलापन," आई म्हणाली. मग मावशीची सून आठवली, नुकतीच बाळंत झालेली. मग पलीकडचा आंधळा भागुजी. मग त्याची भावजय. नावं घेत घेत आईचा हात थांबला. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. तव्यावरची भाकरी करपायला लागली. आईने ती उलटली आणि म्हणाली, "नाय, नको छापू."

सकाळी छापखान्यात गेले. छापखान्याचे मालक साधे गृहस्थ, कोणाच्या भानगडीत नसणारे. म्हणाले, "वकीलसाहेबांचा माणूस येऊन गेला. बोलला, चढव मशीनवर. मी बोललो, बाईंची सही नाय. सही नसंल तर मी चढवीत नाय, मला पुढं लफडं नको." त्यांना लफडं नको होतं, आणि नेमकं तेच माझ्या कामी आलं. जी सही मला हौस म्हणून दिली होती, तिच्यापुढे अख्खं मंडळ अडून बसलं होतं.

मी आधी ते वाक्य खोडायला पेन लावलं. मग थांबले. कशाला खोडू? मी त्यांची चूक का झाकू? इतकी वर्षं तेच केलं, यांची क्रियापदं सरळ करून दिली, यांची अक्कल लोकांपुढे नीटनेटकी करून मांडली. आता नाही. राहू दे ते वाक्य, जसं आहे तसं, नानासाहेबांच्या नावासकट. मी त्याच पानावर, लेखाच्या खाली, त्याच मोठ्या टाइपात टीप लिहिली. उभ्या उभ्या लिहिली.

"संपादकाची टीप. या भेगेच्या थेट खाली बौद्धवाडी आहे. तिथे माणसे राहतात. लेखक या वाडीतून चालत जाऊन भेगेपर्यंत पोचले होते. लेखकाची मापे बरोबर आहेत. त्या मापांप्रमाणे पहिल्याच मोठ्या पावसात ही वाडी गाडली जाऊ शकते. लेखकाने तिला वस्ती का मानले नाही, याचे कारण भूशास्त्रात सापडत नाही."

नकाशातल्या कोऱ्या जागेत मी शाईने एकेक घर काढलं. मामाचं, काशीमावशीचं, भागुजीचं. छपाईसाठी नकाशाचा नवा ब्लॉक करायला दिला. मालकांनी टीप वाचली आणि डोकं खाजवलं.

"नानासाहेब चिडतील, बाई."

"चिडू देत," मी म्हणाले आणि सही केली.

अंक निघाला. महाडात लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वकीलसाहेब कॉलेजात आले, प्राचार्यांसमोर म्हणाले की मी संस्थेची अब्रू घालवली. भेग संस्थेच्या अब्रूला पडली होती तर! मंडळातल्या बहुतेकांचे राजीनामे आले. सगळ्यांची भाषा एकच, स्वल्पविरामसुद्धा तेच, कारण लिहून देणारा वकील एकच. प्राचार्य मला म्हणाले, थोडं सबुरीने घ्या. मी म्हणाले, डोंगराला सांगा.

अंक घेऊन मी स्वतः तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे गाव सुरक्षित आहे की." मी म्हणाले, "खाली वाचा." त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग म्हणाले, "बघू." त्यांनी नंतर काही बघितलं नाही. दुसरी जागा मिळाली नाही. खोटं कशाला सांगू? माझ्या टिपेने एक घर हललं नाही.

पण वाडीने तो अंक वाचला. मामाला वाचता येत नाही, पोरांनी वाचून दाखवला. पाऊस धरला तशी वाडी उठली आणि सोंडेवरच्या शाळेत जाऊन राहिली. पोराबाळांसकट, शेरडांसकट, गावाच्या मधोमध. गावातले लोक विचारायला आले, कोणाच्या परवानगीने? मामाने सांगितलं, "छापून आलाय. वाचा." गाव आठवडाभर धुमसत होतं. वाडी हलली नाही. तो उतार त्या पावसात घसरला नाही. पुढच्या पावसात घसरेल. भेग आणखी रुंद झाली आहे, मी जाऊन मोजली आहे.

मला खुर्चीवरून काढायचे वकीलसाहेबांनी दोन प्रयत्न केले. काढलं तर अंक कोण काढणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. पुण्याचा बंगलेवाला परत एकदा म्हणाला की आपली पात्रता नाही. या वेळी मला ते पटलं.

परवा वकीलसाहेब आले. गोड बोलत आले. नानासाहेबांचा नवा लेख आणला होता. सावित्रीच्या पुराचं पाणी महाडात कुठवर चढतं, यावर. "जुनं सगळं विसरून जाऊ," म्हणाले. मी लेख उघडला, आधी नकाशा काढला. बाजारपेठ आहे, कोर्ट आहे, बँक आहे. नदीच्या काठची आमची वस्ती नाही. तिथे निळ्या रेघा मारल्या आहेत. पाणी.

मी लेख तिथल्या तिथे परत दिला.

"काय कमी आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "माणसं. ती मोजून आणा, मग छापते. दर वेळी परत करीन. नानासाहेबांचा असो, पुण्याचा असो, अमेरिकेतून येवो. आणि मला विसरायला सांगायला पुन्हा येऊ नका."

ते गेले. मी पुढचा लेख उघडला आणि आधी नकाशा काढला.